रात्री तीनची जाग आणि दोन चमचे अश्वगंधा

ठाण्याहून एका वाचक भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहोत.

वय ४८, ऐरोलीतील एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी. नौपाड्यातील जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडल्यापासून कुटुंब घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला भाड्याने राहते. बांधकाम जोत्याच्या वर गेलेले नाही आणि विकासकाकडून येणारे भाडे हल्ली दर महिन्याला मागून घ्यावे लागते. दिवाळीनंतर झोप बिघडली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून त्यांनी जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानातून अश्वगंधाचूर्ण आणले. रात्री दुधातून चमचाभर घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे छान झोप लागली. पुढे पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊ लागली, तेव्हा एका चमच्याचे दोन झाले आणि भाच्याने ऑनलाइन मागवून दिलेल्या अश्वगंधेच्या कॅप्सूलही सकाळ-संध्याकाळ सुरू झाल्या. आता छातीत धडधडते, हात कापतात, अंगातून वाफा निघतात, वजनही घटले आहे. पाळी अनियमित झाल्यामुळे हे सारे वयाचेच असावे, असे त्यांना वाटते. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी नऊ वर्षांपासून चालू आहे, मात्र शेवटची तपासणी दीड वर्षापूर्वी झाली. फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेली क्लोनाझेपामची (चिंता शमवून झोप आणणारी) गोळी 'सवय लावते' म्हणून त्यांनी दोनदाच घेतली. चूर्णाबद्दल डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण 'ते काही औषध नव्हे'. दिरांनी आणलेली, सर्पगंधा असलेली झोपेची एक आयुर्वेदिक गोळीही घरात आहे आणि रक्तदाबाचे औषध घेणारे त्यांचे यजमान ती अधूनमधून घेतात. त्या विचारतात: 'अश्वगंधा नैसर्गिक आहे, तर ती आणखी वाढवून कायमची घेतली तर चालेल का? मला मानसोपचारांच्या वाटेला जायचे नाही.'

नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट याच आठवड्यात करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे, आणि ती म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. मी समुपदेशक आहे, डॉक्टर किंवा वैद्य नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणे एका ओळीत मांडून पाहिली, म्हणजे धडधड, हातांचा कंप, उकाडा सहन न होणे, खाणे कमी न करता घटलेले वजन आणि तुटक झोप, तर शरीरात थायरॉइडचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाल्यावर जे होते, त्याच्याशी ती फार जुळतात. ती चिंतेशीही जुळतात आणि पाळी जाण्याच्या काळाशीही, म्हणूनच केवळ अंदाजाने ठरवता येत नाही. तुमच्या बाबतीत थायरॉइडचा संशय आधी घ्यायला एक सबळ कारण आहे आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत आहे.

थायरॉइड किंचित मंद असलेल्या ५० जणांवर आपल्याकडे झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्यांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम, असा आठ आठवडे दिला गेला आणि त्यांच्या रक्तातील थायरॉइड संप्रेरके वाढली, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे, ती मंद असताना वाढणारे संप्रेरक) खाली आला. चाचणी लहान आहे आणि तिच्यावरून अश्वगंधेला थायरॉइडचे औषध म्हणता येणार नाही. परंतु ज्या व्यक्तीला हेच संप्रेरक गोळीतून आधीच पूर्ण मिळत आहे, तिने त्यावर चूर्ण आणि अर्क दोन्ही घेतले, तर काटा दुसऱ्या टोकाला झुकण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी लागते. तसे झाले असेल तर जी धडधड शमवण्यासाठी तुम्ही चमचा वाढवला, ती धडधड त्या चमच्यानेच वाढवलेली असेल. हे निदान नव्हे, रक्ततपासणीने खरे-खोटे करता येईल अशी शंका आहे.

तपासणीला जाताना दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर त्या किमान दोन दिवस आधी थांबवून प्रयोगशाळेला तसे सांगावे, कारण काही तपासणी-पद्धतींत बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. अहवाल येईपर्यंत चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही बाजूला ठेवणे शहाणपणाचे. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नये की बंद करू नये. तिची मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील, आणि बदललीच तर सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागेल, कारण टीएसएच स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. दरम्यान धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला किंवा भोवळ आली, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता तुमच्या पत्रातील त्या वाक्याकडे येतो: 'ते काही औषध नव्हे.' हे वाक्य मला बहुतेक प्रत्येक अशा पत्रात भेटते, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याचा त्या वनस्पतीवरचा विश्वासही त्याच पत्रात तितकाच भक्कम असतो. अश्वगंधेने झोप लागते असे मानायचे असेल, तर ती शरीरात काही बदल घडवते हे मान्य करावे लागते. जे बदल घडवते, ते कोणाला किती, किती दिवस आणि कशाबरोबर द्यायचे, हे प्रश्न ओघाने येतातच. आयुर्वेदाने हे प्रश्न कधी टाळले नाहीत. मात्रा, काळ, अनुपान (औषध ज्याच्याबरोबर घ्यायचे ते दूध, मध वगैरे) आणि रुग्णाची प्रकृती पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. मात्रा न पाहता, मुदत न ठरवता, 'नैसर्गिक आहे' एवढ्या आधारावर घेत राहण्याची रीत अलीकडची आहे. करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाच्या उपचारसूचनांत अश्वगंधेचा समावेश झाला आणि ती घराघरांत पोहोचली. बरणी आली, पण तिच्याबरोबर वैद्य आला नाही.

अश्वगंधा निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पाच चाचण्यांतील एकूण ४०० जणांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात झोपेवर तिचा परिणाम लहान पण स्पष्ट दिसला. ज्यांना निद्रानाश होता, ज्यांनी रोज किमान ६०० मिलिग्रॅम अर्क घेतला आणि तो किमान आठ आठवडे घेतला, त्यांच्यात तो अधिक होता. ताण आणि चिंता यांवरील चाचण्यांतही काही प्रमाणात आराम दिसतो. यातले 'लहान' आणि 'आठ आठवडे' हे दोन्ही शब्द तुम्ही लक्षात ठेवावेत असे मला वाटते. तुम्हाला पहिल्या काही आठवड्यांतच मिळालेल्या झोपेत चूर्णाचा वाटा किती, आणि दूध कोमट करणे, दहा मिनिटे शांत बसणे, मोबाइल दूर ठेवणे, कोणीतरी मायेने काही सुचवले आहे हा दिलासा, यांचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. तो वाटा यांपैकी कशाचाही असो, तुम्हाला मिळालेली झोप खरीच होती.

'कायमची' घेण्याबद्दल तुम्ही विचारता. बहुतेक चाचण्या दोन ते तीन महिन्यांत संपल्या आहेत, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची नीट ठेवलेली माहिती फार तुटपुंजी आहे. दुसऱ्या बाजूला, आइसलँड आणि अमेरिकेत अश्वगंधेची उत्पादने घेतल्यानंतर यकृताला इजा होऊन कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध थांबवल्यावर ते बरे झाले. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. ती बंदी मला अतिरेकी वाटते, कारण अशी इजा विरळ आहे आणि आपल्याकडे या मुळाचा वापर शतकानुशतकांचा आहे. परंतु तो वापर वैद्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या काळापुरता, साध्या चूर्णाचा किंवा घृताचा होता. तीव्र केलेल्या अर्काच्या कॅप्सूल वर्षभर गिळण्याला त्या परंपरेचा दाखला देता येत नाही.

चूर्ण आणि अर्क यांतला फरक थोडा अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तुम्ही दोन्ही एकत्र घेत आहात. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मुळाच्या चूर्णाची दिवसाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे, म्हणजे साधारण एक ते दोन छोटे चमचे. कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा अर्क असतो, म्हणजे पुष्कळ मुळांतील विथॅनोलाइड ही द्रव्ये थोड्या वजनात एकवटलेली असतात. त्यामुळे कॅप्सूलवरचे ३०० मिलिग्रॅम आणि चूर्णाचे ३०० मिलिग्रॅम यांची तुलना होत नाही. आकडा लहान दिसला तरी तो अर्काचा आहे. दोन चमचे चूर्णानेच तुम्ही मात्रेच्या वरच्या टोकाला पोहोचला होता, त्यावर कॅप्सूलची भर पडली. शिवाय आपल्याकडे औषधात वापरायचे ते मूळ. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पानांतील एका द्रव्याने उंदरांना झोप लागते असे दाखवले खरे, परंतु २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली. म्हणून पुढेमागे घ्यायचीच झाली, तर वेष्टनावर 'मूळ' असा स्पष्ट उल्लेख, अर्काचे प्रमाण, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि मुदत पाहूनच घ्यावी. सुटे चूर्ण स्वस्त पडते, पण त्यात काय आणि किती जुने आहे हे सांगायला वेष्टन नसते.

दिरांनी आणलेल्या गोळीबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. सर्पगंधा ही अश्वगंधेची बहीण नाही. दोघींच्या नावांत गंध आहे, एवढेच साम्य. सर्पगंधा रक्तदाब खरोखर खाली आणते, आणि हे जगापुढे ठामपणे मांडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मुंबईला जाते. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि पुढे काही वर्षे ते रक्तदाबावर तसेच मनोविकारांवरही जगभर वापरले गेले. त्याच काळात ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खोल औदासीन्य आल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. तुमचे यजमान रक्तदाबाची गोळी घेतात आणि त्यावर अधूनमधून ही गोळी घेतात, याचा अर्थ ते नकळत रक्तदाबाची दोन औषधे घेत आहेत, त्यांतले एक अनियमितपणे. रात्री उठताना तोल जाणे, चक्कर येणे, नाडी मंदावणे, नाक चोंदणे, मन विनाकारण खिन्न होणे, यांपैकी काही होत असेल तर कारण शोधायला दूर जावे लागणार नाही. ती गोळी त्यांनी घेऊ नये आणि तुम्हीही घेऊ नये. डबी फेकून न देता त्यांच्या डॉक्टरांना दाखवावी, कारण आतापर्यंतच्या रक्तदाबाच्या नोंदींचा अर्थ लावताना त्यांना ही माहिती लागेल.

क्लोनाझेपामबद्दलची तुमची भीती निराधार नाही. या गटातील औषधे रोज, आठवड्यांमागून आठवडे घेतली तर शरीर त्यांच्यावर अवलंबून राहू लागते, आणि मग ती एकदम बंद करणे धोक्याचे ठरते, हळूहळूच उतरवावी लागतात. चांगले डॉक्टर म्हणूनच ती थोड्या दिवसांसाठी लिहून देतात. पण तुम्ही ती दोनदा घेतलीत आणि घाबरून थांबलात, तर इकडे चूर्णाचा एक चमचा, मग दोन, मग कॅप्सूल, अशी चढण कोणाच्याही लक्षात न येता झाली. गोळीच्या बाबतीत ज्याची तुम्हाला धास्ती होती, ते वाढवत जाणे, ते चूर्णाच्या बाबतीत घडले. अश्वगंधेचे व्यसन लागते असे मी सुचवत नाही. परिणाम कमी वाटला की मात्रा वाढवायची, ही आपली सवय मात्र औषध कोणतेही असले तरी तीच राहते. क्लोनाझेपाम आणि अश्वगंधा एकाच रात्री घेऊ नयेत, कारण दोन्हींची गुंगी एकमेकींत मिळते, आणि क्लोनाझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो. सकाळी फलाटावर गर्दीत उभे राहायचे असते, हे विसरू नये.

मानसोपचारांच्या वाटेला जायचे नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने हे लिहावे, यामागचे ओझे मला कळते. 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद महाराष्ट्रभर चालतो आणि तो ऐकत आपण मोठे झालो. १९०१ पासून या शहरात असलेल्या मनोरुग्णालयाचे नाव आपल्या पिढीने उपचारांशी कमी आणि चेष्टेशी अधिक जोडले. पण तुम्हाला दाखल व्हायला कोणीही सांगत नाही. सामान्य रुग्णालयात, त्वचारोग किंवा डोळ्यांच्या विभागासारखाच मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात तो आहे, नवी मुंबईच्या वाचकांसाठी नेरुळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. केसपेपर काढायचा, बोलायचे आणि घरी यायचे, इतकी साधी ती भेट असते. तेवढेही जड वाटत असेल, तर केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येते. पहाटे तीनला जाग आलेल्या माणसाला हे ठाऊक असावे.

थायरॉइडचा प्रश्न निघाला वा न निघाला, झोपेची घडी बसवण्याचे काम तरीही उरते, आणि त्याबाबतीत जुने ग्रंथ व नवे वैद्यक यांत मला फारसे भांडण दिसत नाही. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब, मानले आहे. झोप गेली तर ती कशी आणावी, याची जी यादी तिथे दिली आहे, तिची सुरुवात अभ्यंग, उटणे आणि स्नान यांनी होते. पुढे दहीभात, दूध, स्निग्ध पदार्थ येतात, मनाला रुचतील असे गंध व शब्द येतात, आणि शेवटी नीट अंथरलेले अंथरूण, सुखकर घर आणि योग्य वेळ. (यादीत मद्यही आहे. ते झोप आणते, पण उत्तररात्री तीच झोप मोडते, हे आता चांगले ठाऊक आहे, तेव्हा तेवढे वगळावे.) झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला तिथे श्रेष्ठ म्हटले आहे. अश्वगंधा या यादीत नाही. चरकांनी तिला बल देणाऱ्या आणि शरीर पुष्ट करणाऱ्या द्रव्यांच्या गटांत ठेवले आहे. आणि झोप घालवणाऱ्या गोष्टी कोणत्या, तर त्यांत भय, चिंता आणि क्रोध यांची नावे आहेत.

आजच्या वैद्यकात दीर्घकालीन निद्रानाशाचा, म्हणजे आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने चालणाऱ्या निद्रानाशाचा, पहिला उपचार गोळी हा नाही. अमेरिकेतील फिजिशियनांच्या मुख्य संघटनेने २०१६ मध्ये तशी शिफारस केली, आणि जो उपचार सुचवला तो सवयी व विचार बदलण्याचा आहे. त्याला सीबीटी-आय म्हणतात. प्रशिक्षित समुपदेशकाकडे तो काही आठवड्यांत शिकता येतो. त्यातल्या काही गोष्टी तुमच्या दिनक्रमाला थेट लागू आहेत. झोप भरून निघावी म्हणून तुम्ही साडेनऊलाच आडव्या होता, असे पत्रात आहे. त्यामुळे अंथरुणावर नऊ तास आणि झोप पाच तास, असे होते, आणि उरलेले चार तास मेंदू अंथरुणावर जागे राहण्याचा सराव करतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही, आणि झोपायला साडेअकराच्या आधी जाऊ नका. मधल्या काळात डोळे मिटू लागतील, तेवढे सहन करा. ज्यांना अपस्मार (फिट्स) किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे, त्यांनी मात्र झोपेचे तास असे आवळू नयेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

दुसरी गोष्ट बसमधली. संध्याकाळी ठाणे स्टेशनहून कासारवडवलीपर्यंतच्या तासाभराच्या कोंडीत तुम्हाला गाढ डुलकी लागते आणि 'तेवढाच आराम' असे तुम्ही म्हणता. ती डुलकी रात्रीच्या झोपेची भूक मारते. जागा मिळाली तरी काही दिवस उभ्याने यावे, असे सांगणे क्रूर आहे, म्हणून ते सांगत नाही. कोणाशी बोलत या, काही ऐकत या, पण डोळे मिटू नका. कार्यालयातला पाचचा चहा बंद करून शेवटचा कप दुपारी दोनपर्यंत घ्या, कारण त्यातील कॅफीन निम्मे व्हायलाच सुमारे पाच तास लागतात.

तीनला जाग आली तर घड्याळ पाहू नका, शक्य असल्यास ते खोलीतून काढाच. बराच वेळ झाला आणि झोप येत नाही असे वाटले, की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, काहीतरी नीरस वाचा, डोळे जड झाले की परत जा. मोबाइल नको. दिवसा अडवलेली अवजड वाहने रात्री घोडबंदर रस्त्यावरून धावतात, त्यांचा आवाज तुमच्या खोलीत येतो, असेही तुम्ही लिहिले आहे. अंथरूण रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवता येत असेल तर ते आजच करण्यासारखे आहे. वाफांनी झोप मोडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. त्यांवर उपचार आहेत आणि ते सहन करत राहण्यात काही पुण्य नाही. यजमानांना विचारून तुम्ही घोरता का, श्वास अडकतो का, हेही पाहा, कारण तसे असेल तर तपासणी वेगळी करावी लागते.

तुमच्या पत्रात तीन पाने झोपेवर आहेत आणि घराबद्दल चार ओळी. त्या चार ओळींत मात्र 'भाडे', 'सही', 'कधी' हे शब्द दोन-दोनदा आले आहेत. तीनला जाग आल्यावर तुम्ही कशाचा विचार करता, हे तुम्ही लिहिलेले नाही, मी ते ओळखू पाहतो आहे, चूक असेल तर सोडून द्या. हक्काचे घर पाडून झालेले आहे, नवे दिसत नाही, हिशेबाची नोकरी करणाऱ्या बाईला दर महिन्याचा आकडा जुळवता येत नाही. ही चिंता आजार नव्हे, ती परिस्थितीला धरून आहे, आणि कोणत्याही मुळीने ती पूर्णपणे शमली तरच मला काळजी वाटेल. तिला दिवसा जागा द्यावी लागेल. संध्याकाळी सातच्या सुमारास अर्धा तास, यजमानांबरोबर, कागद आणि पेन घेऊन बसा. करारात भाड्याबद्दल काय लिहिले आहे, किती महिने थकले, सोसायटीच्या समितीने लेखी विचारणा केली आहे का, महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) प्रकल्पाची काय नोंद आहे, या महिन्यात कोण काय करणार, हे लिहून ठेवा. अर्धा तास झाला की वही मिटा. रात्री तोच विचार आला तर 'हे वहीत आहे' एवढेच स्वतःला सांगायचे. पहिल्या आठवड्यात याचा उपयोग होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अहवाल आल्यावर डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची पुडी, कॅप्सूलची डबी आणि क्लोनाझेपामची पट्टी एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. 'हे सगळे मी घेते किंवा घेत होते' हे एक वाक्य पुरे आहे. कोणी रागावले तर दोन मिनिटे ऐकून घ्या. थायरॉइड स्थिर झाल्यावर आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास अश्वगंधा पुन्हा घ्यायची इच्छा झाली, तर पदवीधर वैद्यांकडे जा, थायरॉइडची गोळी चालू असल्याचे त्यांना सांगा, एकच प्रकार घ्या, चूर्ण किंवा अर्क, आणि थांबण्याची तारीख सुरू करतानाच कॅलेंडरवर लिहा. त्या काळात थायरॉइडची तपासणी पुन्हा करून घ्या.

हे वाचून ज्या इतर वाचकांचा हात आपल्या घरच्या बरणीकडे गेला असेल, त्यांच्यासाठी थोडे. गर्भवती असाल किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल, स्तनपान देत असाल, यकृताचा आजार असेल, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा एखादा विकार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर अश्वगंधा स्वतःहून घेऊ नये. मधुमेह, रक्तदाब, झटके किंवा झोप यांची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण तिच्यामुळे साखर व रक्तदाब आणखी उतरू शकतात आणि गुंगी वाढू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना ती घेत असल्याचे सांगावे. घेत असताना अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी ती थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. आणि झोप जाण्याबरोबर जगणे नकोसे वाटत असेल, सकाळी उठूच नये असे मनात येत असेल, तर चूर्ण, चहा, डुलकी या कशाचाही विचार न करता आधी १४४१६ वर फोन करावा, किंवा घरातील कोणाला तरी उठवून बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे.